सोंगाला दिलेला झगा

द्वारकाबाई तो झगा धुवायला बसल्या की मी आमच्या मागच्या दाराची कडी लावून घ्यायचे. बघवत नसे. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत, त्यामुळे त्यांच्या मोरीवरचं सगळं आमच्या ओट्यावरून दिसायचं. रिठे झाले, धुण्याचा सोडा झाला, लिंबू झालं, कुणीतरी रॉकेल सांगितलं तेही झालं. गळ्यापाशी आणि दोन्ही बाह्यांच्या टोकांना बसलेला काळा डाग ओला असताना फिका वाटायचा, वाळला की पुन्हा वर यायचा. मग त्या पुन्हा बसायच्या. बोटांची सालं निघाली होती. मी एकदा भिंतीवरून ओरडले, "अहो, पुरे करा आता, कापड फाटेल!"

"फाटू द्या बाई," वर न बघता त्या म्हणाल्या. "डाग तर जाईल."

झगा त्यांचा नव्हता. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या इद्रिसचा होता. त्याचाही नव्हता खरं तर, त्याच्या मेलेल्या बापाचा होता. आता हे सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या. या गोष्टीचा राग मला इतक्या वर्षांत गिळता आलेला नाही, आणि नेमका कुणावर काढायचा तेही ठरवता आलेलं नाही.

द्वारकाबाईंचं माहेर पाचोडजवळच्या एका वाडीत. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा त्या पाळण्यात होत्या. वय विचारलं की एवढंच सांगायच्या, पुढचा हिशेब विचारणाऱ्यानं करावा. नवरा, सांडू, पाटबंधारे खात्यात चौकीदार होता. तो अचानक गेला तसं त्यांनी लहानग्या बद्रीनाथला घेऊन शहर गाठलं, गारखेड्यात दोन खोल्या आणि वर एक खोली बांधली, आणि कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवायला लागल्या. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे आणि गारखेड्यातल्या अर्ध्या प्लॉटांवर अजून बाजरी उभी असायची. मी शाळेत शिकवायचे, म्हणून त्या मला 'बाई' म्हणत. आमच्याकडे चातुर्मासात कांदा वर्ज्य आणि त्यांच्याकडे रविवारी मटण शिजायचं, तरी भिंतीवरून आमचं छान जमलं होतं. द्वारकाबाईंचा आवाज मोठा, हात मोठा आणि हसणं त्याहून मोठं. तोंडाला पदर लावून हसणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्या हसल्या की आमच्या ओट्यावरची चिमण्यांची पंगत उठायची.

इद्रिस सुदानचा. बी.एस्सी. करायला आलेला. त्या काळी तिकडची बरीच मुलं आमच्या शहरात शिकायला येत. उंच इतका, की दारातून वाकूनच आत शिरायचा. रंग काळा. मी 'सावळा' वगैरे म्हणून रंग पातळ करणार नाही, काळा तो काळा, त्यात लपवायचं काय आहे? खोलीसाठी तो आमची अख्खी कॉलनी फिरला होता. कोपऱ्यावरच्या तात्यासाहेबांनी तर 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीखाली त्याला उभं करून खोली नसल्याचं सांगितलं. आया पोरांना भरवताना 'जेव, नाहीतर हबशी येईल' म्हणायच्या, आणि हबशी बिचारा कुणाच्या तरी ओट्यावर पुस्तकांची पिशवी घेऊन बसलेला असायचा.

द्वारकाबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि एकच विचारलं, "भाकर खातू का? रोज चपात्या करायला मला जमायचं नाय." तव्यावरची भाकरी दाखवली. त्यानं तुकडा मोडला, वास घेतला, आणि मग न विचारता कोपऱ्यातल्या ज्वारीच्या पिंपात हात घालून मूठभर दाणे बाहेर काढले. हेच त्याच्या गावात पिकत होतं. याच पिठाचं पातळ धिरड्यासारखं काहीतरी त्याची आई करायची. मोडक्या हिंदीत हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. द्वारकाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "म्हंजी जवारी खाणारा! मग आपल्यातलाच हाय की." आणि खोलीची किल्ली दिली.

त्यांच्या चुलीशी बसूनच तो मराठी शिकला, म्हणजे त्यांची मराठी शिकला, तीही मोडकी. त्यांना 'माय' म्हणायचा. जेवताना ताट पुढं सरकवायचा, मान एका बाजूला कलती करायचा आणि म्हणायचा, "माय, अजून एक भाकर दे ना. लई भूक लागलाऽऽ." शेवटचा शब्द असा लांबवायचा. त्या रोज हसायच्या आणि रोज एकाऐवजी दोन वाढायच्या. बद्री आणि तो एका ताटात जेवायचे, एका सायकलवर कॉलेजला जायचे. बद्री बी.कॉम.ला होता, त्याच कॉलेजात.

एकदा किराणा दुकानदारानं सुटे पैसे देताना इद्रिसच्या हाताला हात लागू नये म्हणून वरून टाकले. काही जमिनीवर पडले. हे द्वारकाबाईंना कळलं तेव्हा त्यांच्या हातात उलथनं होतं. ते घेऊनच त्या दुकानात गेल्या. "हातात ठिव," एवढंच म्हणाल्या. "माझ्या लेकराच्या हातात ठिव." बघ्यांची ही गर्दी जमली. त्यानं पैसे हातात ठेवले. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत इद्रिसला कुणी वाकडं बोललं नाही, निदान त्याच्या तोंडावर तरी नाही.

दुसऱ्या वर्षी त्याचे वडील वारल्याची तार आली. त्याच्या गावाकडं तेव्हा लढाई पेटलेली, जाणं शक्य नव्हतं. द्वारकाबाईंनी त्याला खाली आणून माजघरात बसवलं. कुणी गेलं की सोयरे दुखवटा घेऊन येतात, मुलाला टॉवेल-टोपी देतात, अशी आपली रीत. त्या पोराचे इथं कोण सोयरे? यांनीच टॉवेल-टोपी आणली. "तुझा मामा नाय हितं," म्हणाल्या, "मी हाय." ती गांधीटोपी त्याच्या दाट कुरळ्या केसांवर बसेना, तर तो ती हातात धरूनच रडला.

पुढं त्याच्या देशाचा एक मुलगा सुट्टीवरून परतताना वडिलांचे कपडे घेऊन आला. पांढराशुभ्र पायघोळ झगा आणि भलामोठा फेटा. पदवी घेऊन गावात शिरशील तेव्हा हे अंगावर असू दे, असा आईचा निरोप होता. इद्रिसनं ते ट्रंकेत ठेवले आणि ट्रंकेची किल्ली द्वारकाबाईंकडे दिली, कारण कसर लागू नये म्हणून त्या कडुनिंबाचा वाळला पाला घालायच्या, अधूनमधून ऊन दाखवायच्या. कुणाच्या तरी घरातलं सोनं सांभाळावं तसं चाललं होतं.

आणि मग आलं कॉलेजचं गॅदरिंग. कॉलेजचं नाव मी घेत नाही, ते कुठलंही असू शकलं असतं. त्या वर्षी 'देशोदेशीचे लोक' अशी वेशभूषेची आणि नकलांची स्पर्धा ठेवली होती. बद्री आईला म्हणाला, "इद्रिसचा झगा न् फेटा दे. आम्ही त्याच्या देशाचं बसवलंय. त्याला सांगू नको, मजा येईल."

त्यांनी दिला. नुसता दिला नाही, हौसेनं इस्त्री करून दिला.

इथं तुम्ही त्यांना बावळट म्हणाल, तर जरा थांबा. त्यांच्या वाडीत यात्रेला सोंगं निघायची. बैलगाडीवर उभी राहून गावभर फिरायची. आणि ज्याचं सोंग, त्याच्याच घरचे कपडे त्याला चढवायचे अशी तिथली चाल. पाटलाचं सोंग पाटलाच्या फेट्यानं सजायचं, सोनाराचं सोनाराच्या उपरण्यानं. कपडे गेले त्या घराचा त्या दिवशी मान असायचा. सोंगाची गाडी त्या दारात थांबायची आणि घरची बाई सोंगाला ओवाळायची. कपडे मागायला कुणी आलं नाही तर ते घर वर्षभर रुसून बसायचं. तेव्हा मेलेल्या बापाचा झगा भर कॉलेजात सोंगाला जाणार, म्हणजे त्या बापाचा केवढा मान, असंच त्यांना वाटलं. इद्रिसला न सांगता पुढच्या रांगेत नेऊन बसवायचं आणि त्याचा आनंद बघायचा, हा त्यांचा बेत. मला ओढत नेलं. त्यांच्या पिशवीत हळदकुंकवाची कुयरी आणि निरांजन होतं. सोंगाला ओवाळायला.

आम्ही बसलो. मी एका बाजूला, मधे द्वारकाबाई, पलीकडे इद्रिस. पडदा वर गेला. मागं पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'हबशी राजाचा दरबार'. सात-आठ पोरं उघडी, अंगाला काजळी आणि खोबरेल फासलेलं, कमरेला अशोकाची पानं, गळ्यात थर्माकोलची हाडं, नाचत होती आणि हू हू करत होती. मधे खुर्चीवर राजा. तोंडाला बूटपॉलिश, ओठांना लालभडक रंग, नाकात हाड, आणि अंगावर तो झगा. डोक्यावर तो फेटा. बद्री.

प्रधानानं विचारलं, महाराज आज काय खाणार? दोन हबशांनी एका गोऱ्यापान मुलीला ओढत आणलं. राजानं तिचा दंड चाचपला, मान एका बाजूला कलती केली आणि म्हणाला, "माय, अजून एक भाकर दे ना. लई भूक लागलाऽऽ."

हॉल कोसळला. पोरं बाकांवर चढली. आणि माझ्या शेजारी द्वारकाबाई हसल्या. पोटापासून, मोठ्यानं, अगदी त्यांच्या त्या हसण्यानं. बद्रीनं आईकडं बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, त्याहून लांबवून. त्या पुन्हा हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी हसले नाही, पण त्यात माझा काही मोठेपणा नाही. गॅदरिंगमध्ये मला मुळातच हसू येत नाही, ज्यांच्या उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्यात अशी पोरंच दिसतात. म्हणून मला इद्रिस दिसला. तो स्टेजकडं बघतच नव्हता. तो द्वारकाबाईंकडं बघत होता.

आपण असतो तर खुर्ची भिरकावली असती. तो सगळं संपेपर्यंत मांडीवर हात ठेवून बसला आणि टाळ्या सुरू झाल्यावर शांतपणे उठून गेला. द्वारकाबाईंना वाटलं, बद्रीला मिठी मारायला पडद्यामागं गेला. त्या पिशवीतून निरांजन काढून त्यात तेल घालत होत्या. "काडी हाय का हो बाई?"

मी त्यांचं मनगट धरलं. "खाली बसा. तो गेला."

"कुठं गेला?"

"अहो, त्याच्या बापाचा झगा होता तो!"

"मंग? मान झाला की."

"मान?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माणसं खाणारा दाखवला त्याला! त्याच्या तोंडचे शब्द घालून! वर बघा जरा."

त्यांनी वर बघितलं. पोरं पहिल्या बक्षिसाची ढाल उंचावून नाचत होती आणि बद्री झग्याच्या बाहीनं तोंडाचं पॉलिश पुसत होता.  निरांजन खाली पडलं आणि तेल त्यांच्या लुगड्यावर सांडलं.

इद्रिस घरी आलाच नाही. रोशनगेटला त्याच्या देशाची काही मुलं राहत होती, तिकडं गेला. ट्रंक, पुस्तकं, सगळं इथंच. द्वारकाबाई दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तिथं गेल्या. गोऱ्यागोमट्या वस्तीत 'हबशी येईल' म्हणणारी आपली माणसं, आणि तिथं ती काळी पोरं यांना खुर्ची देऊन पाणी पुढं करत होती. इद्रिस बाहेर आला, अदबीनं बोलला, डबा घेतला नाही. त्या रोज जायच्या. डबा रोज भरलेला परत यायचा आणि आमच्या गल्लीतल्या कुत्र्याला पडायचा. मग त्यांनी ठरवलं, तो जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. नुसता चहा. मी समजावलं, रागावले, आमच्याकडची खिचडी भिंतीवर आणून ठेवली. "त्याला एक घास घालू द्या माझ्या हातानं," म्हणायच्या, "मंग तुम्ही द्याल ते खाते." त्यांना दुसरं काही नकोच होतं. त्यानं पुन्हा राहायला यावं असंसुद्धा त्या म्हणत नव्हत्या. जायच्या आधी एकदा जेवून जावं, एवढंच.

मी त्यांना घेऊन प्राचार्यांकडं गेले. वाटलं, कॉलेजनं माफी मागितली तर पोराचं मन वळेल. साहेब हसले. "अहो बाई, गंमत असते ती. परदेशी विद्यार्थ्यांनी स्पोर्टिंगली घ्यायला पाहिजे. आणि आपल्याकडं वर्णभेद आहेच कुठं?" हे गृहस्थ तेव्हा मुलासाठी 'गोरीच पाहिजे' म्हणून चार तालुके पालथे घालत होते. मी ते तोंडावर बोलून दाखवलं आणि आम्ही दोघी बाहेर पडलो. काम झालं नाहीच, पण मला तेवढंच बरं वाटलं. द्वारकाबाईंना तेवढंही वाटलं नाही.

बद्रीला त्यांनी रोशनगेटला पाठवलं. तो घाबरत गेला आणि उड्या मारत आला. इद्रिसनं हात मिळवला होता, चहा पाजला होता, 'कुछ नहीं, भाई' म्हणाला होता. ते ऐकून द्वारकाबाईंच्या जिवात जीव आला. बद्रीला माफ केलं, मग आपल्याला करणारच. धावत डबा भरून गेल्या. डबा परत आला.

त्या दिवशी त्या बद्रीवर तुटून पडल्या. "तुझ्यामुळं! तुझ्या थेरामुळं माझं लेकरू उपाशी गेलं!"

 बद्रीही तडकला. "झगा कुणी दिला? आणि तू पण हसलीस की! मी वरून बघितलं तुला. तू हसलीस म्हणून तर मी परत म्हणलो ते."

मला वाटलं, आता ही बाई त्याच्या मुस्काटात मारते.  त्या आत जाऊन झगा घेऊन आल्या आणि मोरीवर बसल्या. त्यानंतर त्यांनी ते धुणं सोडलं नाही. शेवटी शहागंजातल्या एका जुन्या लाँड्रीवाल्याकडं आम्ही झगा घेऊन गेलो. त्यानं कापड उजेडात धरलं, बोटांनी चाचपलं. "अम्मा, और रगडे तो कपडा जाता, दाग नै जाता," म्हणाला. त्या तिथं पायरीवर मटकन बसल्या. बाजार अंगावरून वाहत होता. मी उभी राहून लोकांना बाजूनं जा म्हणत होते आणि मनात त्या हसणाऱ्या हॉलमधल्या एकेका पोराला बडवत होते.

पुढचं आधीच सांगून टाकते. खानावळ मोडली, कारण भाजीत मीठ आहे की नाही याचं त्यांना भान राहिलं नाही आणि पोरं दुसरीकडं जेवायला लागली. बद्री वाळूजला कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, नातवंडं झाली. इद्रिसची काही खबर आली नाही. द्वारकाबाई म्हातारपणीसुद्धा रस्त्यात एखादा आफ्रिकेचा मुलगा दिसला की सगळं सोडून त्याच्याकडं जायच्या आणि विचारायच्या, "सुदानचा का बाबा?" पोरं घाबरायची. एकदा एकानं पोलिसांना बोलावतो म्हटलं. सुनेनं नंतर त्यांना एकटं बाहेर सोडणं बंद केलं.

आता तो दिवस. इद्रिसची परीक्षा संपली होती आणि तो कायमचा निघणार होता. मीच रोशनगेटला गेले. "ट्रंक न्यायला तरी येशील की नाही?" म्हटलं. तो मला 'टीचर' म्हणायचा. "टीचर, मला राग नाही," तो म्हणाला. "राग असता तर सोपं होतं." तरी आला. भर दुपारी.

द्वारकाबाईंनी सकाळपासून चूल पेटवली होती. भाकऱ्या, वांग्याचं भरीत, पिठलं, ठेचा, आणि त्याला आवडायची म्हणून शेंगदाण्याची आमटी. पाट मांडला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. बद्रीला त्यांनी मुद्दाम बाहेर पाठवलं होतं. इद्रिस पाटावर बसला नाही, खाटेच्या कडेवर टेकला. त्यांनी घडी घातलेला झगा त्याच्या मांडीवर ठेवला. गळ्यापाशी राखी रंगाचं कडं राहिलंच होतं. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला.

"चांगला झाला, माय," तो म्हणाला. "माझे आबा पण गळा मळवत होते."

हे इतकं मऊ बोलला की त्यांना धीर आला. त्यांनी पटकन ताट वाढलं आणि त्याच्यासमोर आणून धरलं. घाईत आमटी काठावरून सांडली. "दोन घास खा रं बाबा. मंग जा. मी आडवणार नाय तुला. माझ्या हातचे दोन घास."

त्यानं ताटाकडं बघितलं. मग हात पुढं केला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच बोटांत धरून थांबला. "माय, एक विचारू?"

"इचार की."

"बद्री लहान आहे. मुलगे लोक सगळीकडं तसलेच. माझ्या देशात पण. पण तू का हसली?"

मी दारातून त्यांना जोरजोरात खुणा करत होते. म्हणा, ओळखलंच नाही! म्हणा, सगळे हसले म्हणून हसले! म्हणा, नीट दिसलंच नाही, काहीही म्हणा! तो तुकडा तोंडापाशी पोचायला एका शब्दाचा अवकाश होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या खुणा त्यांना कळल्या, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. आणि त्या त्याच्याकडं वळल्या.

"तुझ्यावानीच केलं त्यानं," त्या म्हणाल्या. "हुबेहूब तूच वाटला मला. म्हून हसू आलं."

इद्रिसनं बोटांतल्या तुकड्याकडं बघितलं. मग म्हणाला, "मी तसा वाटतो?"

"नाय! नाय रं लेकरा, तसा नाय!" त्यांच्या हातातलं ताट कलंडायला लागलं, मी धावत जाऊन धरलं. "ते काळं नाय, ते हाडकं नाय... तू भाकर मागतूस ना, ते. ते लई गोड वाटतं मला, रोजच. कसं मागतूस तू..." शब्द पुरेनात. तेव्हा त्यांनी मान एका बाजूला कलती केली, ताट पुढं केल्यासारखे हात केले, आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना म्हणाल्या, "माय, अजून एक भाकर दे ना. लई भूक लागलाऽऽ."

त्याला दाखवायचं होतं त्यांना, की आपण कशाला हसलो. त्याच्यासमोर, त्याचंच सोंग.

इद्रिसनं भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. टाकला नाही, ठेवला. झगा ट्रंकेत घातला, कुलूप लावलं, ट्रंक खांद्यावर घेतली आणि दारातून वाकून बाहेर पडला. बाहेर रिक्षा उभी होती. त्यानं मागं वळून त्यांना हात जोडले, मलाही जोडले.

द्वारकाबाई खाटेवर त्याच्या जागी बसल्या. ताट माझ्या हातात तसंच होतं. बराच वेळ मोडलेल्या भाकरीकडं बघत होत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "खोटं बोलले असते तर जेवला असता का हो?"

जेवला असता. घास हातात होता त्याच्या.

"छे," मी म्हणाले, "तरी जेवला नसता. त्याचं ठरलेलंच होतं." मला खोटं बोलायला जमतं.